मुऱ्हाळी गेलेले पिंजारी सर

पिंजारी सर वर्गात आले की हजेरी घेत नसत, घरं विचारत. "वाइडचं घर उनं का?" म्हणजे आलं का, असं ते दारातूनच विचारायचे आणि तीन मुलं एकदम उठायची. वाइड, विड्थ आणि वायडन. मग शॉर्टचं घर, मग रिचचं, मग ब्यूटिफुलचं. आमच्या शाळेत नव्यानेच बदलून आलेल्या एका मॅडमनी हे व्हरांड्यातून ऐकलं आणि मधल्या सुट्टीत हेडसरांना जाऊन विचारलं, की इथले लोक मुलांची नावं अशी का ठेवतात?

नावं आईबापांनी चांगलीच ठेवली होती. ही दुसरी नावं सरांची. एरंडोलपासून सायकलच्या टप्प्यातलं आमचं गाव, गावात दहावीपर्यंतची शाळा आणि शाळेत इंग्रजी शिकवायला पिंजारी सर. नववीच्या पहिल्या आठवड्यातच त्यांनी वर्गात तिघातिघांची घरं केली. प्रत्येक घरात एक विशेषण, एक नाम आणि एक क्रियापद. ही तिघं एका बाकावर बसणार, एकमेकांचा अभ्यास बघणार आणि विचारलं की आपापला शब्द वाक्यात घालून दाखवणार. दहावी संपेपर्यंत घर बदलायचं नाही.

"इशेषण म्हंजे घरमाधला मिरवनारा," सर सांगायचे. शिकवताना ते प्रमाण मराठीत सुरुवात करत आणि रंगात आले की अहिराणीत उतरत. "कसं शे तेवढं सांगस, बाकी काडी हालवत नही. नाम म्हंजे घरमा जे साठेल शे ते. आनि क्रियापद म्हंजे राबनारं. ते नही तं घर बसनं!" मग खडू ठेवून हात झटकायचे. "पन तिन्ही एकाच कापूसना. वात करा, गादी करा, सूत काढा. नाव बदलस, कापूस बदलत नही."

कापूस त्यांच्या बोलण्यात यायचाच. घराणं गाद्या भरणाऱ्यांचं. एरंडोलला त्यांच्या भावाचं दुकान होतं आणि सर रविवारी तिथे बसून स्वतः कापूस पिंजायचे. सोमवारी पहिल्या तासाला त्यांच्या भुवयांवर, कानाच्या पाळीवर कापसाचे तंतू असायचे. मागच्या बाकावरची पोरं त्यांना 'म्हातारीचे केस' म्हणायची. सरांना ते ठाऊक होतं. एकदा फळ्यावर लिहिता लिहिताच म्हणाले, "केस म्हातारीना शेतस, पन कान जवान शेतस बरं." मागचा बाक आठवडाभर चिडीचूप.

आमचं घर स्ट्राँगचं. त्यातली स्ट्राँग मी. मी तेव्हा इतकी वाळकी होते की वारा सुटला तर आई मला दप्तर घेऊनच बाहेर जा म्हणायची. पहिल्या दिवशी सरांनी माझं नाव पुकारलं तेव्हा वर्ग हसून लोळला. सर मात्र गंभीर. स्ट्रेंग्थ म्हणजे गोकुळ, अंगाने दणकट आणि स्वभावाने अजगर. बसला की उठायचा नाही. आणि स्ट्रेंग्थन म्हणजे मंगला. मंगलाचा बाप दुसऱ्याच्या शेतावर सालदार, आई आदल्याच वर्षी गेलेली. घरचं पाणी, भाकरी, शेळी, सगळं उरकून ती धावत शाळेत यायची आणि आल्या आल्या आम्हा दोघांना कामाला लावायची. गोकुळकडून शुद्धलेखन लिहून घेणारी अख्ख्या शाळेत ती एकटीच. सरांनी घरं चिठ्ठ्या टाकून केली असं ते म्हणत, पण माझा त्यावर कधीच विश्वास बसला नाही.

रिचच्या घरात जायला सगळे टपलेले असत आणि पुअरच्या घराचं नाव निघालं की मुलं छताकडे बघत. पुअर, पॉव्हर्टी, इंपॉव्हरिश. सरांनी ते घर गावच्या सरपंचाच्या मुलाला दिलं. ब्यूटिफुल हा मान मारामारीत पुढचा दात गमावलेल्या एका पोराला मिळाला. तो वर्षभर स्वतःहून भांग पाडून येऊ लागला, एवढा त्या शब्दाचा परिणाम.

सहामाहीनंतर एक नवा मुलगा वर्गात आला. घरं भरलेली. सरांनी त्याला बिग केलं. आम्ही विचारलं, सर, बिगचं क्रियापद कोणतं? सर डोकं खाजवत बसले. मग म्हणाले, "ह्या बिचाराले क्रियापद नही. एकटा शे. तो शेजारी लार्जच्या घरी जेवी. एनलार्ज त्यालेबी वाढी." आणि खरोखरच त्याला लार्जच्या बाकावर चौथा बसवलं. "शब्द एकटा शे म्हनून उपाशी ठेवाना नही," हे वाक्य त्यांनी आम्हाला वहीत उतरवून घ्यायला लावलं. इंग्रजीच्या वहीत.

सरांचं स्वतःचं इंग्रजी कसं होतं, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. वर्गाबाहेर त्यांना ते बोलताना कोणी ऐकलं नाही. मराठी, अहिराणी आणि इंग्रजी या तिन्ही भाषा ते एकाच चालीत बोलत, त्यामुळे लांबून ऐकलं तर कोणती चालू आहे ते कळायचं नाही. गावातल्या कुणाचा पुण्याचा पाव्हणा आला आणि मुद्दाम इंग्रजीत काही विचारू लागला, की सर चहाची बशी तोंडाला लावायचे. सर, इंग्रजी येतं ना तुम्हाला, असं कुणी खोचून विचारलं तर म्हणायचे, "वळख शे. येनं-जानं नही."

एकदा तालुक्याहून तपासणीला साहेब आले. त्यांनी नेमकं गोकुळला उठवलं. नाव काय तुझं? इंग्रजीचा तास, समोर सर उभे. गोकुळ सवयीने म्हणाला, "स्ट्रेंग्थ." साहेबांना वाटलं पोरगा चेष्टा करतोय. त्यांनी आवाज चढवून विचारलं, आणि वडिलांचं नाव? गोकुळने मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. "वडील नाहीत सर, मी स्ट्राँगपासून झालो," तो म्हणाला. साहेबांनी मग स्ट्राँगला उभं राहायला सांगितलं आणि मी उठले. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून साहेब जे हसत सुटले, ते शेरेबुकात सही करेपर्यंत हसतच होते. सरांनी त्या दिवशी आम्हाला शेंगदाण्याची चिक्की दिली.

या घरांचा एकच नियम कडक होता. घरातलं कुणी आलं नाही, तर बाकीच्या दोघांनी उभं राहून ते कुठे आहे, का आलं नाही, हे सांगायचं. माहीत नाही हे उत्तर चालायचं नाही. "घरमाधलं मानूस कोठे शे, हे घरले ठाऊक पाहिजे," सर म्हणत. ताप आला असेल तर बघून यायचं. कापूस वेचायला गेलं असेल तर संध्याकाळी अभ्यास नेऊन द्यायचा. आम्हाला हा नियम म्हणजे फुकटचा उपद्रव वाटायचा. वेचणीच्या दिवसांत निम्मा वर्ग दुसऱ्या निम्म्या वर्गाच्या शोधात शेतातून फिरत असायचा.

दहावीच्या वर्षी संक्रांत झाली आणि मंगला यायची बंद झाली. आम्ही तिच्या घरी गेलो तर दाराला कडी. तिचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणत, ते शेतावर भेटले. मंगलाची थोरली बहीण सुनंदा पिंपळनेरला दिलेली. तिला पहिलं मूल झालं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण माहेरी करणार कोण? आई नाही. म्हणून बाळंतीण सासरीच राहिली आणि तिच्या हाताखाली मंगलाला पाठवलं. "पंधरा दिवसमा धाडतस म्हने," आबा म्हणाले. त्यांच्या आवाजावरूनच कळलं की त्यांचा स्वतःचाही त्यावर भरवसा नाही.

पंधरा दिवस झाले, महिना झाला. मी आणि गोकुळ रोज उभे राहायचो आणि रोज तेच सांगायचो. पिंपळनेरला आहे. सर ऐकून घ्यायचे आणि पुढच्या घराकडे वळायचे. बोर्डाची परीक्षा तोंडावर आली. ती चुकली तर मंगला पुन्हा शाळेचं तोंड बघणार नाही, हे सांगायला कुणी ज्योतिषी नको होता. घरात राहिलेल्या मुलीला घर सोडत नाही. आणि पुढे वर्षभरात तिचं लग्न उरकतात, हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत होतं. एक दिवस उभं राहून सांगता सांगता मला रडू फुटलं. सरांनी पुढच्या घराला उठवलं. तास संपल्यावर म्हणाले, "रविवारी सकाळची गाडी. घरून परवानगी काढी ठेवा."

रविवारी आम्ही तिघं निघालो. एरंडोलहून धुळे, धुळ्याहून साक्री, पुढे पिंपळनेर. सरांनी ठेवणीतला लेंगा-सदरा घातला होता, वर काळी टोपी. हातात भलीमोठी कापडी पिशवी. ती सरांच्या बायकोने, जुबेदाचाचींनी भरून दिली होती. बाळाला दुपटं आणि सरांनी स्वतः भरलेली चिमुकली गादी, बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू, हिरव्या बांगड्या, एक खण, आणि अक्कांसाठी शेव. अक्का म्हणजे सुनंदाची सासू. लेकुरवाळ्या घरी मोकळ्या हाताने जायचं नाही, एवढाच चाचींचा विचार. गाडीत मी सरांना विचारलं, तुम्ही तिथे काय बोलणार? "काय बोलनार? मास्तर शे, परीक्षा शे, पोर द्या म्हनसू." एवढी त्यांची तयारी.

पिंपळनेरला घर शोधत गेलो. अक्का ओट्यावर ज्वारी पाखडत बसल्या होत्या. धिप्पाड बाई, कपाळभर कुंकू. त्यांनी आधी सरांकडे पाहिलं, मग पिशवीकडे, पिशवीतून डोकावणाऱ्या खणाकडे, बांगड्यांच्या पुडक्याकडे. आम्ही सुनंदाच्या माहेरगावचे, एवढं गोकुळने सांगितलं. सुनेच्या गावचा टोपीवाला माणूस खण-बांगड्या-लाडू घेऊन दारात उभा. खान्देशात याचा अर्थ एकच होतो. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला सासुरवाशिणीला माहेरी न्यायला जो माणूस येतो, तो मुऱ्हाळी. सर तोंड उघडण्याआधीच अक्कांनी सूप बाजूला ठेवलं आणि घरात हाक मारली, "वं सुनंदा, बाहेर ये! मुऱ्हाळी उना तुना!"

आतून काहीतरी पडल्याचा आवाज झाला. सुनंदा बाळाला खांद्याशी धरून धावतच दारात आली. तिने सरांना पाहिलं, पिशवी पाहिली, आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. आई गेल्यापासून दोन आखाज्या गेल्या होत्या आणि तिला न्यायला माहेरहून कुणी आलं नव्हतं. गल्लीतल्या सगळ्या सुना जात होत्या आणि ही दारातून बघत होती. "मना बापनी धाडं का?" तिने रडत रडत विचारलं.

सर आले होते मंगलासाठी. सांगायचं होतं ते एकच वाक्य होतं. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, टोपी परत घातली. "बापनी बी धाडं, आनि गावनी बी धाडं," ते म्हणाले. "तुलेच लेवाले उनू शे, बेटा."

मुऱ्हाळी म्हटल्यावर मग काय, पाय धुवायला पाणी आलं, सतरंजी आली, गूळ-पाणी आलं. शेजारचे एक म्हातारे बाबा काठी टेकत येऊन बसले. नाव-गाव विचारून झाल्यावर ते म्हणाले, "पिंजारी मुऱ्हाळी? आसं कधी आयकं नही, अक्का." अक्का आतून ओरडल्या, "आते आयकं ना? मंग जेवाले बसा." मग बाहेर येऊन सरांना म्हणाल्या, "पन आखाजीले तं आजून येळ शे. इतला लवकर?" सर म्हणाले, "पुढे ऊन वाढी जाई, अक्का. बाळले झेपाव नही." खोटं बोलायचा सराव नसलेला माणूस इतकं छान बोलून गेला की गोकुळसुद्धा चावायचं थांबून बघू लागला.

मागच्या अंगणात मंगला भांडी घासत होती. आम्हाला पाहून तिचा चेहरा उजळला आणि मुऱ्हाळ्याचं कळल्यावर तसाच विझला. "म्हणजे तुम्ही ताईला न्यायला आले?" तिने विचारलं. राखेचे हात तसेच धरून उभी राहिली.

जेवण झालं, शेवेची भाजी आणि कळण्याची भाकरी. अक्कांनी सुनेची पिशवी भरायला घेतली. मुऱ्हाळ्याला परत पाठवणं म्हणजे घराला बट्टा, तो त्या लावून घेणार नव्हत्या. पण त्या व्यवहारी होत्या. "सुनंदाले लई जा, बाळले लई जा. मंगला आठेच राही. मना गुडघा धरेल शे, घरमा हात पाहिजे," त्यांनी सांगून टाकलं. आत भांड्यांचा आवाज थांबला. सर काही क्षण बोटांनी सतरंजीचे दोरे ओढत बसले. मग म्हणाले, "बरं शे अक्का, तुम्ही म्हनशात तसं. द्या मंग बाळले मना हातमा. गाडीमा धरनं पडी ना?"

त्यांनी बाळ घेतलं. दोन्ही हात पुढे ताठ, बाळ मधे लोंबकळतंय, मान एका बाजूला. बाळाने असा टाहो फोडला की शेजारचे बाबा काठी सोडून उठले. सरांनी घाईने ते गोकुळकडे दिलं. गोकुळने ते पोत्यासारखं बगलेत मारलं. टाहो दुप्पट. मग माझ्याकडे, मग परत सरांकडे. "आरे आरे, मारी टाकशात त्याले!" अक्का गुडघा विसरून धावल्या. आतून मंगला आली, ओले हात पोलक्याला पुसले, बाळ उचललं आणि खांद्यावर टाकलं. बाळ दोन हुंदके देऊन गप्प झालं.

अक्का बघत राहिल्या. कच्ची बाळंतीण, तीन गाड्या बदलायच्या, सोबतीला हा मास्तर आणि ही दोन पोरं. आजीचं मन ते, गुडघ्यापेक्षा नातू जड निघाला. "जाय वं बाई तूबी," त्या मंगलाला म्हणाल्या. "आखाजी करीसन सगळ्या या." आणि सरांकडे वळून, "कसा मास्तर तू! पोर्गं धराले येत नही?"

साक्रीच्या गाडीत बसल्यावर मला आठवलं, सरांची चार मुलं. चौथा तर अजून रांगत होता, शाळेच्या पटांगणात आम्ही त्याला सरांच्या कडेवर कितीदा पाहिलं होतं. मी सरांना तसं म्हटलं. ते खिडकीबाहेर बघत होते. "आसं?" ते म्हणाले. "आते जमत नही वाटतं." धुळे येईपर्यंत त्यांनी आमच्याकडे तोंड केलं नाही, पण खांदे हलताना मला दिसत होते.

गावात उतरलो तेव्हा आबा पारावर बसले होते. सर एक आणायला गेले आणि तीन घेऊन आले हे त्यांना समजायलाच वेळ लागला. एका खोलीचं घर, घरात बाईमाणूस नाही, त्यात बाळंतीण. सरांनी तिथल्या तिथे तोडगा काढला आणि तो अर्थातच इंग्रजीतला होता. दुसऱ्या दिवशी हजेरीला सांगितलं, की सुनंदाताईचं जेवण रोज एका घरून जाईल. सोमवारी वाइड, मंगळवारी शॉर्ट, असं. बाळाला न्हाऊ घालायला माझी आई जायची, आणि दुपारी जुबेदाचाची येऊन बसायच्या, म्हणजे मंगलाला अभ्यासाला मोकळीक. सगळ्यात झकास डबा पुअरच्या घरून यायचा. सरपंचबाई हाताने सढळ होत्या.

तो महिना मंगला झपाटल्यासारखी अभ्यास करत होती. एका हाताने पाळण्याची दोरी, दुसऱ्या हातात पुस्तक. सुनंदा तिच्याकडून ऐकून ऐकून शब्द शिकली आणि बाळाला झोपवताना वाइड, विड्थ, वायडन अशी अंगाई म्हणायला लागली. सर संध्याकाळी ओट्यावर येऊन बसत आणि अवघड तेवढं सांगून जात. दोन वर्षांत त्यांनी कुणाला शाबासकी दिलेली मला आठवत नाही. "बरं शे" ही त्यांची कमाल. त्या महिन्यात मंगलाला ते एकदा म्हणाले, "लई बरं शे." ती रात्री माझ्या घरी हे सांगायला आली.

मंगला परीक्षेला बसली आणि पास झाली. इंग्रजीत अगदी काठावर, पण पास. मला पहिला वर्ग मिळाला. गोकुळ नापास झाला. सर पेढे घेऊन आधी गोकुळच्या घरी गेले, कारण तिथे कोणी जाणार नाही म्हणाले, आणि त्याला ऑक्टोबरचा फॉर्म भरायला लावून मगच आमच्याकडे आले. सुनंदा आखाजी करून, झोके खेळून, नव्या लुगड्यात सासरी परतली. पोचवायला सर आणि आबा दोघंही गेले. अक्कांनी दोघांना टोपी-उपरणं केलं.

आता मी धुळ्याला कोर्टात कारकून आहे. गोकुळची एरंडोलला हार्डवेअरचं चांगलं चालणारं दुकान आहे. मंगला एसटीत कंडक्टर झाली. दहावी पास ही तिथली अट होती. खाकी गणवेशात, हातात मशीन घेऊन दारात लोंबकळणाऱ्या टग्यांना ती जे सुनावते, ते ऐकायला मी कधीकधी उगाच तिच्या गाडीने प्रवास करते. सर निवृत्त झाल्यावर एरंडोललाच भावाच्या दुकानात बसायचे. भेटायला गेलं की गादीवर जागा करून द्यायचे आणि चहा सांगायचे. गेल्या हिवाळ्यात ते वारले. झोपेतच गेले. गोकुळने मला फोन केला. त्याने खांदा दिला, मी चाचींजवळ जाऊन बसले. मला तेव्हा रडू आलं नाही, का कोण जाणे. चाचीच माझी पाठ थोपटत होत्या.

आठवड्याने धुळ्याच्या स्टँडवर मंगला भेटली. पिंपळनेरहून गाडी घेऊन आली होती, ड्यूटी संपली होती. हातात एक पिशवी. आम्ही कँटीनमध्ये बसलो. मी विचारलं, बाजार केला का? तिने पिशवी मांडीवर घेतली. "चाचींना लुगडं आहे," ती म्हणाली. "अक्कांनी पाठवलंय. दुखवट्याचं."

मला नीटसं कळलं नाही. अक्का आता पार थकल्या आहेत, ओट्यापर्यंतही धरून आणावं लागतं. मंगला सांगू लागली. "सर गेल्याचं मी सांगितलं तर त्या दिवशी त्यांनी घरात तेल-कढई चढू दिली नाही. सुनंदाना माहेरना मानूस गया, म्हणाल्या. दुकानातून हे आणवून घेतलं आणि मला म्हणाल्या, व्याह्याकडचं दुःख आहे, आपल्याकडून गेलं पाहिजे."

चहा आला. मंगलाने बशीत ओतला आणि तसाच ठेवला. "लोक म्हणतात सरांनी मला सोडवून आणलं," ती म्हणाली. "सोडवून आणायला काय, सरांनी भांडण केलं असतं, शाळेची भीती घातली असती, तरी मी आले असते. परीक्षाही दिली असती. पण मग ताईला त्या घरात उभं केलं नसतं कुणी. मला त्या दारात पाय ठेवता आला नसता. आता पिंपळनेरची ड्यूटी लागली की मी अक्कांकडेच जेवते. माझं ताट तिथे वेगळं ठेवलेलं असतं." तिने पिशवीचे बंद नीट बांधले. "सरांनी मला आणलं, पण तोडून नाही आणलं गं."

एरंडोलची गाडी लागली. ती पिशवी घेऊन उठली, प्रवासी म्हणून, खिडकीजवळची जागा धरून बसली आणि लुगडं मांडीवर ठेवलं. गाडी स्टँडबाहेर पडली तेव्हा मी कँटीनच्या बाकावर बसून होते, आणि सर गेल्यानंतर पहिल्यांदा, येणाऱ्या-जाणाऱ्यांची पर्वा न करता, पोटभर रडले.